समुद्राकडे पाठ करून बसणारा कुत्रा

आमच्या घरातला लॅब्राडोर पाण्याला भीत असे, असं कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग मला शहाणपण शिकवायला बसतो. "अहो, ती जातच पाण्यातली. त्यांच्या बोटांमध्ये पडदे असतात." असतात, ठाऊक आहे मला. आमच्याही कुत्र्याच्या बोटांमध्ये ते होते. शेपूट बुडाशी जाड होती, वल्ह्यासारखी. अंगावर केसांचे दोन थर, वरून पाणी ओघळून जावं असे. देवाने सगळी तयारी करून पाठवलेला प्राणी होता. पोहणं तेवढं आम्ही त्याच्यातून काढून घेतलं.

आम्ही म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. आणि तेही मायेपोटी. दुष्टपणाने केलं असतं तर मी त्यांच्याशी एकदाच कडाडून भांडून मोकळी झाले असते. मायेशी भांडायला गेलं की आपणच कैदाशीण ठरतो, हे मला त्या घरात लवकर कळलं.

माझं माहेर कृष्णाकाठचं आणि सासर चेन्नईतलं. सासरची माणसं मराठीच, पण कितीतरी पिढ्यांपूर्वी तंजावरला जाऊन राहिलेली. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, ही मंडळी कुठल्यातरी बखरीतून उठून आली आहेत आणि वाटेत तमिळ शिकली आहेत. हेल सगळा तमिळ. 'आहे'चं 'अहे', 'नको'चं 'नोको', चांगलं म्हणायचं असेल तर 'चोखोट', आणि पुरे झालं की सरळ तमिळमधलं 'पोदुम'. सासऱ्यांना मामंजी म्हणायचं, हाही त्या घरचा नियम. मला तो शब्द आधी नाटकातला वाटे. नंतर जिभेवर बसला.

घर अड्यारमध्ये, नदीच्या अंगाला, एका अरुंद गल्लीत. बैठं घर, पुढे फरसबंद अंगण, आणि वरच्या गच्चीवर जायला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बाहेरून जिना. त्या घरात सासूबाई वारल्या आणि मामंजींनी बोलणं टाकलं. रुसवा नव्हता, राग नव्हता. ताट पुढे ठेवलं की जेवायचे, उचललं की उठायचे. एखाद्या सरकारी खात्यात आयुष्यभर काम केलेल्या माणसाला शिस्तीने दुःख कसं करावं हे ठाऊक असतं. सकाळी आंघोळ, संध्या, पेपर, मग खिडकीशी खुर्ची. पेपरचं पान उलटलेलं मी दिवसभरात पाहत नसे. नवरा अंबत्तूरच्या कारखान्यात, मी गिंडीला एका कचेरीत. दिवसभर तो माणूस त्या घरात एकटा काय करत असेल, या विचाराने माझं कामात लक्ष लागत नसे.

नवऱ्याच्या एका सहकाऱ्याकडे कुत्री व्याली होती. त्यातलं एक पिल्लू तो उचलून घेऊन आला. मी कपाळाला हात लावला. ज्या घरात बाहेरून आलेली पिशवीसुद्धा पाणी शिंपडल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नाही, तिथे कुत्रा! मामंजींनी चष्मा वर करून पाहिलं आणि तोंड फिरवलं. पिल्लू त्यांच्या खुर्चीखाली गेलं, त्यांच्या वेष्टीचं टोक, म्हणजे धोतराचं टोक, तोंडात धरून झोपलं. संध्याकाळी मी कचेरीतून परत आले तर आतून आवाज येत होता. मामंजी बोलत होते. पिल्लाला त्यांच्या खापरपणजोबांची गोष्ट सांगत होते, तंजावरच्या मराठीत, मधे मधे 'कण्णा' म्हणून तमिळमध्ये लाड करत. सासूबाई गेल्यापासून एवढी वाक्यं मी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. मी चप्पल काढायचं विसरून दारातच उभी राहिले.

त्या दिवसापासून आम्हा नवराबायकोला एक गोष्ट उघड दिसत होती. हा कुत्रा आहे तोवर मामंजी आहेत. त्यामुळे पुढे जे झालं ते मी फार ताणून धरलं नाही. भांडले, पण तुटेपर्यंत नाही.

मामंजींनी कुत्र्याला घरात घेतलं ते एका अटीवर. "घरांत ऱ्हायाचं तर घरच्यासारखं ऱ्हायाचं." घरच्यासारखं म्हणजे शनिवारी तेल लावून न्हायचं. तिकडची ही पक्की रीत. बायकांचा शुक्रवार, पुरुषांचा शनिवार. लोखंडी पळीत तिळाचं तेल तापवायचं, त्यात मिरे आणि जिरं टाकायचं, ते तडतडलं की उतरवायचं. मग डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत चोळायचं, मुरू द्यायचं, आणि शिकेकाईच्या पुडीने खसखसून धुऊन वरून कढत पाणी. या न्हाण्यामुळे त्यांच्या घराण्यात कुणाचे डोळे अधू झाले नाहीत, कुणाला सांधेदुखी झाली नाही, असा सगळ्यांचा दावा होता. स्वतः मामंजींचा चष्मा जाड काचेचा होता, पण ते बोलायची सोय नव्हती.

पिल्लाचा पहिला शनिवार मी पाहिला. न्हाणीघरात मामंजी पाटावर बसले, पिल्लू दोन गुडघ्यांमध्ये घट्ट धरलं आणि तेल चोळायला लागले. तेलापर्यंत ठीक होतं. पिल्लू हात चाटत होतं. मग शिकेकाई आली. ती डोळ्यात गेल्यावर काय होतं हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ठाऊक. पिल्लू असं किंचाळलं की शेजारच्या गच्चीवरची बाई वाकून बघायला लागली. मामंजींनी त्याच्या डोळ्यांवर तळहात ठेवला, अगदी हळुवार. "मीट रे कण्णा, डोळे मीट." त्या तळहाताला शिकेकाई लागलेलीच होती. वरून तांब्यामागून तांबे पाणी, डोक्यावर, कानात, नाकात.

मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, सांग ना त्यांना." तो दाराला टेकून बघत होता. म्हणाला, "मलाही असंच धरायचे. मीसुद्धा असाच ओरडायचो." आणि हसला. त्याच्या हसण्यात तक्रार नव्हती. उलट थोडा हेवाच होता, की आता आपल्याला कुणी असं धरून न्हाऊ घालत नाही. त्या घरात प्रेम करायची हीच पद्धत होती, गुडघ्यात धरून. पण पोराला न्हाणं झाल्यावर गरम रसमभात मिळतो, आई पदराने डोकं पुसते, आपल्याला का छळलं ते त्याला मोठेपणी उमगतं. कुत्र्याला एवढंच कळतं की पाणी आलं की डोळे जळतात.

माझ्या माहेरी कुत्री कुणी धूत नसे. घाटावर एक काळं कुत्रं होतं, कुणाचंच नाही. म्हशी नदीत उतरल्या की तेही उतरायचं, नाक वर धरून पलीकडे जायचं, अंग झाडायचं आणि परत यायचं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच घाटावरचं दुसरं एक कुत्रं मात्र पायरीवरून खाली पाऊल टाकत नसे. माझे वडील सांगायचे की पिल्लू असताना पोरांनी त्याला पुलावरून फेकलं होतं. म्हणजे बघा, नदी एकच, जात एकच, आणि एकाला पाणी म्हणजे खेळ, दुसऱ्याला काळ. पाय आखूड असले, छाती जड असली की काही कुत्र्यांना तरंगणं जमत नाही हेही खरं आहे. बुटक्या, चपट्या तोंडाची कुत्री बुडतातही. पण पुष्कळ कुत्र्यांच्या बाबतीत मला वाटतं, पाण्याची पहिली ओळख कुणी करून दिली यावरच सगळं ठरतं. हे मी मामंजींना सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुझ्या घाटावरल्या कुत्र्याच्या अंगास वास येत असेल, अगो."

वर्षभरात कुत्रा मोठा झाला, तपकिरी, तुकतुकीत, मामंजींच्या गुडघ्याला लागेल एवढा. आठवडाभर तो त्यांच्या पायाशी. त्यांच्या हातून दहीभात खायचा, त्यांच्या मागोमाग पूजेच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा. शनिवारी पळीत मिरे तडतडले की पलंगाखाली. मामंजी त्याला पट्ट्याला धरून ओढून काढायचे. तो कधी गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत. नखं फरशीवर घासत जायची त्याचा आवाज मला अजून नको वाटतो.

मग कान पिकले. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत पाणी आत राहतं, त्यात तेल, ते कुजतं, असं जनावरांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. न्हाणं बंद, निदान काही महिने. मामंजींनी हात जोडून सगळं ऐकलं. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "डॉक्टरास काय ठाऊक? आमच्या घरांत कुणाचे कान पिकले नाहींत." मला वाटलं, बोलून मोकळे झाले. पण शनिवारी दुपारी मी कचेरीतून लवकर परतले, तर दार उघडताच शिकेकाईचा वास. कुत्रा ओला, पलंगाखाली थरथरत, डोकं एका बाजूला कलतं धरलेलं.

त्या दिवशी मी त्यांना फाडफाड बोलले. सुनेने सासऱ्याला बोलू नये असं सगळं. ते खिडकीकडे बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "घाण ऱ्हायला तर तुम्ही त्यास बाहेर बांधाल. मग मी काय करूं?"  एवढी साधी भीती होती ती. तो स्वच्छ राहिला तरच घरात राहील, घरात राहिला तरच आपला राहील. मी म्हटलं, "मामंजी, कुणी बांधणार नाही त्याला बाहेर." त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसला असं दिसलं नाही.

पुढे कुत्र्याने डोकं झाडून झाडून कानाची पाळी रक्ताने फुगवली. ती चिरावी लागली. भूल उतरताना तो कण्हत होता आणि मामंजी दवाखान्याच्या बाकावर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्या दिवसापासून त्यांनी न्हाणं थांबवलं ते कायमचं. शब्दाचे पक्के होते. पण अति झालं होतं, आणि अति तिथे माती. आता बादलीत नळ सोडला तरी कुत्रा घराच्या दुसऱ्या टोकाला. पावसाची सर आली तर बाहेर जायचा नाही, लघवी रोखून धरायचा, पाय कापायला लागायचे. मामंजींनी स्वतःच्या न्हाण्यासाठी तेल तापवलं तरी पलंगाखाली. शेवटी त्यांनी स्वतःचं शनिवारचं न्हाणंही सोडलं. चार पिढ्यांची रीत, मुंजीपासून न चुकलेली. एका कुत्र्यापायी सोडली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मग त्यांनी मनावर घेतलं की याची भीती घालवायची. रविवारी सकाळी आम्ही त्याला बेसंट नगरच्या समुद्रावर नेऊ लागलो. तिथे बंगल्यांतली कुत्री यायची. लाटेत उड्या, चेंडूमागे धाव, मालकांच्या अंगावर पाणी. आमचा वाळूवर बसायचा, समुद्राकडे पाठ करून. कान मागे, नजर रस्त्याकडे. येणारे जाणारे हसायचे. मामंजी वेष्टी वर खोचून गुडघाभर पाण्यात जायचे आणि साखळी धरून ओढायचे. "वा कण्णा, वा. ये रे, ये. पाणी चोखोट अहे रे. बघ, मी उभा अहे ना?" कुत्रा वाळूत चारी पाय रोवायचा. पालथ्या घड्यावर पाणी. तो जितका मागे रेटायचा तितकं मामंजींचं ओढणं वाढायचं. एकदा साखळीने त्याचा गळा आवळला तेव्हा मी ओरडले, "पोदुम, मामंजी!" त्यांनी साखळी सोडली. मग वर येऊन त्याच्याशेजारी बसले, तेही समुद्राकडे पाठ करून. पुढचे कितीतरी रविवार ती दोघं तशीच बसलेली मला आठवतात, इडलीच्या गाड्याकडे तोंड करून, समाधानाने.

दोन हजार पाच साली तो पाऊस झाला. त्या वर्षी पाऊस थांबेचना. आधी मोरी उलटी वाहायला लागली, मग नदी गल्लीत आली. नवरा अंबत्तूरला अडकलेला, गाड्या बंद, फोन लागत नव्हता. दुपारी अंगणात पाणी घोट्याला होतं. मी गॅस बंद केला, कागदपत्रं फळीवर टाकली, तोवर ते मांड्यांपर्यंत आलं. काळं पाणी, गटाराच्या वासाचं, वर प्लास्टिक आणि फुटके नारळ. गल्लीतली माणसं आपापल्या गच्चीवर चढत होती. आमचा जिना अंगणापलीकडे. एरवी उंबऱ्यापासून चार ढांगांवर, पण त्या दिवशी मधे ते पाणी.

कुत्रा पलंगावर चढून भिंतीला चिकटला होता. पलंगाच्या कडेला पाणी लागलं तशी त्याने गळ्यातून एक आवाज काढला, तसा आवाज मी कुत्र्याचा कधी ऐकला नव्हता. मी मामंजींना म्हटलं, "आधी तुम्ही वर चला. मी त्याला आणते." ते म्हणाले, "तू जा अगो. मी येतों, त्यास घेऊन." मी हात धरून ओढलं. ते हलले नाहीत. त्यांचं आधीच ठरलं होतं. तो नाही तर मी नाही. रडून, ओरडून, पाया पडून काही होणार नव्हतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, छातीचं दुखणं, पाणी चढतंय. मला त्या क्षणी त्या कुत्र्याचा जीव घ्यावासा वाटला.

आम्ही चादरीत गुंडाळून न्यायचं ठरवलं. त्याने चादर फाडली. मी त्याच्या मागच्या बाजूने धरलं, मामंजी पुढे. दाराबाहेर पाऊल टाकलं, पाणी कमरेला. कुत्र्याला पाणी दिसलं आणि तो पिसाळल्यासारखा हिसडे द्यायला लागला. तेव्हा मामंजींनी त्यांना येत होतं तेच केलं. जिन्याच्या वाटेवर एक उंच दगडी ओटा होता, त्यावर बसून त्यांनी कुत्रा गुडघ्यांमध्ये आवळून धरला आणि पाणी दिसू नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर तळहात ठेवला. हळुवार. "मीट रे कण्णा."

तो तळहात त्याला ओळखीचा होता. त्याने मान वळवली आणि चावला. आयुष्यात पहिल्यांदा. अंगठ्याच्या मुळाशी, हाडापर्यंत. मामंजींची पकड सुटली, पाय सरकला आणि ते पाण्याखाली गेले. मी त्यांची काखोटी धरून त्यांना वर ओढलं तेव्हा त्यांच्या तोंडातून काळं पाणी येत होतं. कुत्रा दिसत नव्हता. मग फाटकाजवळ त्याचं डोकं वर आलं. नाक उंच, कान पाण्यावर पसरलेले. तो पोहत होता. न धडपडता, न पाणी उडवता, सरळ रेषेत, जन्मभर हेच करत आल्यासारखा.

"पोहतो!" मामंजी ओरडले. हातातून रक्त गळत होतं आणि ते हसत होते. "बघ गो, पोहतो! चोखोट पोहतो!" मग त्यांनी हाका मारायला सुरुवात केली. कण्णा, इकडे, इकडे. कुत्रा बुडालेल्या फाटकावरून गल्लीत गेला. तिथे ओढ होती. हाक ऐकल्याचं त्याच्या कानांवरून दिसत होतं. पण त्याने पाय थांबवले नाहीत, आणि कोपऱ्यावरच्या खांबापलीकडे तो दिसेनासा झाला.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखाली आम्ही बसून राहिलो. मी माझ्या ओढणीने त्यांचा हात बांधला. ते फाटकाकडे बघत म्हणत होते, येईल, दम लागला की येईल.  

पाणी उतरल्यावर त्यांना ताप आला आणि तो बरेच दिवस राहिला. हाताला टाके पडले, इंजेक्शनं झाली. उठायला लागले तसे चिखलातून काठी टेकत गल्लोगल्ली हिंडायला लागले. त्या दिवसांत रस्त्याकडेला मेलेली जनावरं पडलेली असायची, फुगलेली. ते प्रत्येकापाशी थांबायचे, वाकून बघायचे आणि पुढे जायचे. नवऱ्याने दुसरं पिल्लू आणू का विचारलं. ते म्हणाले, "पोदुम." त्यानंतर त्यांनी पुन्हा बोलणं टाकलं. ताट, पेपर, खिडकी. या खेपेला ते खंगत होते हे दिसत होतं. रात्री नवरा पाठ करून झोपायचा आणि मला कळायचं की तो जागा आहे.

पोंगल होऊन गेल्यावर आमच्या गल्लीत मासे विकायला येणारी बाई एकदा फाटकाशी थांबली. नदी समुद्राला मिळते तिथल्या कोळ्यांच्या वस्तीतली ती. म्हणाली, तुमच्या कुत्र्यासारखा एक तपकिरी कुत्रा आमच्याकडे आलाय, एका कानाची पाळी चुरगळलेली, पावसाच्या दिवसांत वाहत आला, माणसांबरोबर होडीमागे पाण्यात जातो. कान चिरल्यावर तशीच आकसली होती त्याची पाळी. मी आत वळले तर मामंजी माझ्या मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. स्वतः स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी दहीभात कालवला, डब्यात भरला. मी त्यांना स्वयंपाकघरात कधी पाहिलं नव्हतं. वाटेत रिक्षात ते मला सांगत होते की पट्टा नवीन घ्यावा लागेल, जुना सैल झाला असेल. एवढं बोलले की मला रडू यायला लागलं.

नदीच्या मुखापाशी वाळूचा दांडा आहे, त्याच्या आत उथळ पाणी. तिथे दोन माणसं होडी ढकलत होती आणि त्यांच्या पुढे आमचा कुत्रा पोहत होता. तोंडात जाळ्याचा एक तरंगता गोळा. अंग भरलेलं, केस उन्हाने फिके झालेले. त्याला असं मी कधी पाहिलं नव्हतं, इतका मोकळा. मामंजींनी हाक मारली. त्याने ताबडतोब ऐकलं. गोळा टाकला आणि सरळ आमच्याकडे यायला निघाला, शेपटीने पाणी उडवत. मी मनात म्हटलं, सुटलो.

पोटाला पाणी लागेल एवढ्यावर तो थांबला. शेपूट हलत होती, सगळं अंग हलत होतं, तोंडाने तो कुईकुई करत होता. पण पुढे येत नव्हता. मामंजी पुढे झाले, पाण्यात घोट्यापर्यंत. तो तेवढाच मागे गेला. मामंजी थांबले, तोही थांबला. ते आणखी पुढे गेले, तो आणखी मागे, पाठ बुडेपर्यंत, आणि तिथून शेपूट हलवत राहिला. मामंजींना पोहता येत नव्हतं. ते बाहेर आले, डबा उघडून पाण्याच्या कडेला वाळूवर ठेवला आणि लांब जाऊन बसले. तेव्हा तो आला. दहीभात खाल्ला, डबा चाटून स्वच्छ केला, मान वर करून त्यांच्याकडे बघत शेपूट हलवली आणि परत पाण्यात गेला. कोरड्या वाळूवर तो एक क्षणही जास्त थांबला नाही.

होडीवाल्यांपैकी एक जण पुढे आला. म्हणाला, धरून देऊ का, पेरियवरे? म्हणजे, मोठ्या माणसा. मामंजींनी इतक्या जोराने हात हलवला की तो माणूस दचकला. "नोको," ते मराठीतच म्हणाले. त्या माणसाला शब्द कळला नाही, पण अर्थ कळला. मग त्यांनी तमिळमध्ये विचारलं, काय खायला घालता, रात्री कुठे झोपतो. माशाचे तुकडे, होडीखाली, तो म्हणाला. मामंजी ऐकत होते. ज्या माणसाने घरात मासा कधी येऊ दिला नाही, तो म्हणाला, सरि, चांगलं आहे.

ऊन चढेपर्यंत आम्ही बसलो. कुत्रा समोर पोहत होता, मधूनच आमच्याकडे बघत होता. मला मामंजींकडे बघवत नव्हतं. शेवटी त्यांना काहीतरी आधार द्यावा म्हणून मी म्हटलं, "मामंजी, इतके दिवस झाले. त्यानं तुम्हाला ओळखलं नसेल."

त्यांनी रिकामा डबा उचलला, त्यातली वाळू बोटांनी पुसली.

"ओळखलं की, अगो," ते म्हणाले. "म्हणून तर तो पाण्यांत ऱ्हायला."